थँक्यूला मराठीत काय म्हणायचं?

आईने ताट वाढल्यावर तुम्ही तिला ‘धन्यवाद’ म्हणालात, असं कधी झालंय? झालं असेल तर तिने तुमच्याकडे जरा संशयानेच पाहिलं असेल. पोरगं एक तर चेष्टा करतंय, नाही तर कशावरून तरी चिडलंय. आणि तेच तुम्ही, त्याच दिवशी सकाळी, कॉफीच्या दुकानात काउंटरपलीकडच्या अनोळखी मुलाला दोन मिनिटांत तीनदा थँक्यू म्हणून आलेले असता. एकदा पैसे देताना, एकदा कप घेताना, एकदा उगाचच, निघताना.

ह्यातलं कोणतं वागणं सभ्य? दोन्ही. फक्त सभ्यता ठेवायची जागा दोन भाषांमध्ये वेगळी आहे. इंग्रजीत ती सुट्या शब्दांत असते: प्लीज, थँक्यू, सॉरी, एक्स्क्यूज मी. मराठीत ती क्रियापदाच्या शेपटीत असते. ‘पाणी दे’, ‘पाणी द्या’, ‘पाणी देता का’, ‘जरा पाणी देता का हो’, ‘पाणी मिळेल का’. ह्या पाच वाक्यांत प्लीज एकदाही आलेलं नाही, पण कोण कोणाशी बोलतंय, मोठं कोण, ओळखीचं कोण, हे कोणत्याही मराठी माणसाला वाक्य ऐकताक्षणी कळतं. ‘कृपया’ हा शब्द आहे आपल्याकडे, पण तो पाट्यांवर राहतो, फॉर्मवर राहतो, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेत राहतो. घरात तो येत नाही. आणि आभार मानायची वेळ आलीच तर आपण म्हणतो, ‘कशाला उगाच एवढा त्रास घेतलात?’ इंग्रजीत हे वाक्य शब्दशः नेऊन पाहा. तक्रार केल्यासारखं वाटेल.

‘नको’चंही तेच. पाहुण्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, यजमानाने पुन्हा विचारायचं, पाहुण्याने ‘अहो खरंच नको’ म्हणायचं, यजमानाने वाढायचं. अमेरिकेत नव्याने आलेले कितीतरी मराठी विद्यार्थी पहिल्या थँक्सगिव्हिंगला अर्धपोटी परत आले असतील, कारण त्यांनी पहिल्यांदा ‘नको’ म्हटलं आणि यजमानांनी ते, अत्यंत सभ्यपणे, खरं मानलं.

भाषाशास्त्रात ह्यावर बरंच काम झालंय. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये एक मोठा निबंध लिहिला, पुढे १९८७ मध्ये त्याचं पुस्तक झालं. इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपली शेजारीण तमिळ, अशा तीन भाषांवरून त्यांनी मांडलं की सभ्यता म्हणजे समोरच्याचा चेहरा सांभाळणं. एक तर त्याच्या वाटेत न येणं, नाही तर त्याला आपलंसं करणं. ह्यावर आक्षेप आला तो जपानी अभ्यासकांकडून. योशिको मात्सुमोतो आणि साचिको इदे यांचं म्हणणं असं की जपानीत बोलणारा माणूस दर वेळी असा हिशेब करत बसत नाही. आपली जागा कुठे, समोरच्याची कुठे, हे ओळखून त्या जागेला शोभेल ते रूप वापरणं त्याला भागच असतं. मला हा आक्षेप वाचताना मराठीच आठवत राहते. ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, की एकदम ‘आपण’, हे ठरवल्याशिवाय मराठीत साधं ‘कुठे निघालात?’सुद्धा विचारता येत नाही. तटस्थ राहायची सोयच नाही. पण ही ‘जागा’ कोणी ठरवली, हा प्रश्न मराठीत जरा जास्तच टोचणारा आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी एक पत्रव्यवहार.

१८७८ साली कोल्हापुरात पोस्टात नोकरीला असलेले गोपाळराव जोशी यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला शिकवायचंय, अमेरिकेत यायचंय, काही मदत होईल का? हे मिशनरी म्हणजे रॉयल वाइल्डर. कोल्हापुरात त्यांनी अनेक वर्षं मिशन चालवलेलं, मराठी मुलखाची आणि मराठी भाषेची त्यांना चांगली ओळख. आता ते अमेरिकेत प्रिन्स्टनला परतून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचं नियतकालिक काढत होते. त्यांनी गोपाळरावांचं पत्र त्या अंकात छापलं आणि उत्तरही छापलं. उत्तराचा सूर असा, की आधी ख्रिस्ताला शरण या, मग पाहू.

१८८० मध्ये हा जुना अंक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती पडला. दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या असताना. त्या भारतात कधी आलेल्या नव्हत्या. मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. त्यांनी घरी जाऊन गोपाळरावांना पत्र लिहिलं, आणि त्यातून त्यांचा आणि आनंदीबाईंचा पत्रव्यवहार सुरू झाला. तो तीनेक वर्षं चालला. भेट व्हायच्या आधी.

आनंदीबाईंची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा गोपाळरावांच्या हट्टाची गोष्ट म्हणून सांगतात. श्री. ज. जोशींची कादंबरी, त्यावरचं नाटक, २०१९ चा सिनेमा, सगळीकडे तोच हट्ट केंद्रस्थानी. मला त्यात त्या दाताच्या दवाखान्यातल्या बाई जास्त महत्त्वाच्या वाटतात. कारण इथे भाषेच्या अडसराबद्दलची आपली नेहमीची समजूत उलटी पडते. ज्याला आपली भाषा येत होती, त्याने दार लावलं. जिला येत नव्हती, तिने उघडलं. वाइल्डरना गोपाळरावांच्या पत्रात धर्मांतराची शक्यता दिसली. कार्पेंटरबाईंना शिकू पाहणारी एक मुलगी दिसली.

पत्रं अर्थातच इंग्रजीत होती. म्हणजे ओझं एकाच बाजूने वाहिलं गेलं, आणि तेही वयाने लहान असलेल्या बाजूने. आनंदीबाई जन्माने यमुना, जन्मसाल १८६५. नवव्या वर्षी लग्न झालेलं, चौदाव्या वर्षी मूल झालेलं आणि काही दिवसांतच गेलेलं. पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. परक्या भाषेत, परक्या बाईला, समुद्रापलीकडे लिहायचं. मायना काय लिहायचा? इंग्रजी वळणाने लिहायचं तर ‘डिअर मॅडम’ किंवा ‘डिअर मिसेस कार्पेंटर’. आनंदीबाईंनी लवकरच त्यांना ‘आंट’ म्हणायला सुरुवात केली.

ही अगदी मराठी चाल आहे. मराठीत अनोळखी मोठ्या माणसाशी आदराने बोलायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे त्याला नात्यात ओढणं. रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी, शेजारच्या आजी. तुम्हीही हे करताच. सिएटलमध्ये किंवा न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलाला आईवडिलांच्या एकूण एक मित्रांना काका-काकू म्हणायची सवय असते, आणि हाच मुलगा कॉलेजात साठीच्या प्राध्यापकाला त्याच्या पहिल्या नावाने हाक मारतो. दोन्ही ठिकाणी तो रीत पाळतोय. इंग्रजीत ‘आंट’ म्हणजे मात्र रक्ताची किंवा लग्नाने झालेली नातलग. परक्या देशातल्या, परक्या धर्मातल्या मुलीने आपल्याला मावशी म्हणावं, ह्याचं कार्पेंटरबाईंना नवल वाटलंही असेल. पण त्यांनी ते नातं स्वीकारलं, आणि, पुढे येईलच, अखेरपर्यंत निभावलं.

ह्याच चालीचं प्रसिद्ध उदाहरण दहा वर्षांनंतरचं आहे. ११ सप्टेंबर १८९३, शिकागोची सर्वधर्म परिषद. विवेकानंदांनी सभेला ‘बहिणींनो आणि भावांनो’ अशी हाक मारली आणि टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलीय. रोझेलची ‘आंट’ त्याआधीची. तिला टाळ्या पडल्या नाहीत, एवढंच.

आता दुसरी बाजू. आनंदीबाईंच्या स्वतःच्या भाषेतले लोक त्यांच्याशी कसे वागत होते? २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, अमेरिकेला निघण्याआधी, त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात इंग्रजीतून भाषण केलं. मी अमेरिकेला का जाते, एकटी का जाते, जातीबाहेर टाकतील त्याचं काय, अशा लोकांच्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली. त्यात मुंबईतल्या दिवसांचं वर्णन आहे. पुस्तकं घेऊन, बूट-मोजे घालून ही मुलगी शाळेला निघाली की लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढत, गाड्या थांबवत, हसत. व्हरांड्यात बसलेले प्रतिष्ठित लोक शेरे मारत, आणि खडेही. दुकानदार तिला बघून थुंकत. हे सगळे लोक तिची भाषा बोलणारेच होते. कोणताही शब्द समजायचा राहत नव्हता, हीच तर अडचण होती.

हे भाषण वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सतरा वर्षांची मुलगी, सभेत उभी राहून, थुंकणाऱ्यांचं वर्णन करते, आणि तिचा सूर कुठेही सुटत नाही. लोकांनी खिडकीतून डोकी काढली हेही ती त्यांनी आपल्यावर मेहेरबानीच केली अशा थाटात सांगते. ही उपरोधाची सभ्यता आहे, आणि ती परकी भाषा बरीच मुरल्याशिवाय जमत नाही.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, सोबत मिशनरी स्त्रिया होत्या, नवरा नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. बंदरावर कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या. पुढचे काही महिने रोझेलला त्यांच्या घरी गेले, मग फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. डीन रेचल बॉडली.

ह्या काळातली एक छोटी गोष्ट मला फार बोलकी वाटते, ती म्हणजे साडी. आनंदीबाई नऊवारी नेसत. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्याकडे त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. पण त्या काळच्या अमेरिकेत बाईचा घोटा दिसणं म्हणजेही फार, शिवाय न्यू जर्सीची थंडी. त्यांनी मार्ग काढला. पाश्चात्त्य झगा घातला नाही, साडीच ठेवली, पण गुजराती पद्धतीने नेसायला लागल्या, म्हणजे पाय झाकले जातील. यजमानांचा संकोच टळला, आपला पोशाख राहिला. गोपाळरावांना मात्र इतकाही बदल खुपला, आणि त्याबद्दल पत्रापत्री झाली. अमेरिकेतल्या शिष्टाचाराचा जाब त्यांना असा दोन ठिकाणी द्यावा लागत होता. एक, ज्यांच्या घरी राहत होत्या तिथे. दुसरा, दहा हजार मैलांवर पोस्टात बसलेल्या नवऱ्याला.

जेवणाचंही असंच. त्या शाकाहारी राहिल्या. आणि रोझेलला असताना त्यांनी एकदा कार्पेंटर कुटुंबाला आणि त्यांच्या स्नेह्यांना आपल्या पद्धतीचं जेवण करून घातलं. पाहुणे जमिनीवर बसले, हाताने जेवले, बायकांनी साड्या नेसून पाहिल्या. तुमच्या शाळेतल्या ‘इंटरनॅशनल डे’ची आठवण झाली ना? मलाही झाली, आणि मी जरा नाक मुरडलं. परक्या संस्कृतीची हौस म्हणून चार घटका साडी नेसणं सोपं असतं. पण इथे फरक आहे. त्या दिवशी, निदान त्या एका दिवसापुरतं, शिकायचं काम यजमानांकडे होतं. बोटांनी भात कालवायला अठरा वर्षांची मुलगी शिकवत होती, आणि गबाळेपणा अमेरिकन पाहुण्यांच्या वाट्याला आला होता.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो तुम्ही इंटरनेटवर नक्की पाहिला असेल. तीन बायका, तीन पोशाख. आनंदीबाई साडीत, मध्ये जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी त्या एकाच कॉलेजच्या. हा फोटो फिरतो तो ‘पहिल्या’ म्हणून. आपापल्या देशातल्या, पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. मला त्यात दुसरंच कुतूहल वाटतं. ह्या तिघी एकमेकींशी बोलत कशा असतील? मराठी, जपानी आणि अरबी. तिघींच्या मातृभाषांत आदराची रूपं भरपूर, आणि ती सगळी खोलीबाहेर ठेवून तिघींना एकच ‘यू’ वापरायचा होता. डीनलाही ‘यू’, मोलकरणीलाही ‘यू’. ओकामी पुढे १८८९ मध्ये पदवी घेऊन जपानला परतल्या आणि त्यांनी दवाखाना काढला. आनंदीबाईंना तेवढा वेळ मिळाला नाही.

मधे १८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत आले. त्यांनी भाषणं ठोकायला सुरुवात केली. मिशनऱ्यांवर टीका, पाश्चात्त्य समाजावर टीका, तीही त्याच लोकांसमोर ज्यांनी त्यांच्या बायकोला दोन वर्षं घरच्यासारखं सांभाळलं होतं. कार्पेंटरबाई आणि बॉडलीबाई अवघडल्या. आता, गोपाळरावांचे मुद्दे सगळेच चुकीचे नव्हते. मिशनरी भारताबद्दल अमेरिकेत जे सांगत फिरत, ते ऐकून कोणाचंही डोकं फिरलं असतं. पण पाहुण्याने किती बोलावं? यजमानाचं मीठ खाल्लं म्हणून गप्प बसावं का? तुम्ही परदेशात राहत असाल तर हा प्रश्न तुम्हालाही पडत असणार, जेवणाच्या टेबलावर कोणी भारताबद्दल काहीतरी ठोकून दिलं की. गोपाळरावांचं उत्तर एक होतं. दुसरं उत्तर पंडिता रमाबाईंनी दिलं, आणि ते मला कितीतरी जास्त हुशारीचं वाटतं.

रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आल्या, निमित्त आनंदीबाईंच्या पदवीदानाचं. ११ मार्च १८८६. नातेवाईक म्हणून, आणि पाहुण्या म्हणून. काही आठवडे राहायला आल्या आणि अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. ह्या बाईंचा भाषेचा प्रवासच अचाट आहे. संस्कृतात वाढलेल्या, संस्कृतातून सभा जिंकलेल्या. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात त्यांनी साक्ष दिली ती मराठीत, तिचं इंग्रजी दुसऱ्यांनी केलं. इंग्रजी त्या तेव्हा नुकत्या शिकू लागल्या होत्या. आणि चार-पाच वर्षांत त्या अमेरिकेत गावोगाव इंग्रजीतून भाषणं देत होत्या, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालं होतं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या कामाला दहा वर्षं पैसे पुरवण्यासाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली होती.

म्हणजे अमेरिकनांशी बोलायला लागणारी सभ्यता त्यांना पुरेपूर साधली होती. इंग्रजीत त्या यजमानांना भारतीय विधवांबद्दल सांगत, मदत मागत. त्या भाषेत त्या पाहुण्या होत्या, आणि पदर पसरलेल्या पाहुण्या होत्या. पण परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मराठीत एक जाडजूड पुस्तक लिहिलं, ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. मराठीत त्या कोणाच्याही पाहुण्या नव्हत्या. मग तिथे त्यांनी काय लिहिलं? भरभरून कौतुक. राज्यव्यवस्था, शाळा, स्त्रियांच्या संघटना, दारूबंदीसाठी लढणाऱ्या बायका. आणि त्याच पानांमधून, तितक्याच शांतपणे, काळ्या लोकांना मिळणारी वागणूक, मूळ रहिवाशांची झालेली दैना, वर्णाचा गर्व, कंबर आवळून श्वास कोंडणारे पोशाख, टोपीवर खोवायला मारलेले पक्षी. काही लपवलेलं नाही.

त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक मुद्दा आहे, तो मला प्रवासाबद्दल मराठीत लिहिलेल्या सगळ्यात शहाण्या गोष्टींपैकी एक वाटतो. थोडक्यात असा: एखाद्या वस्तूचं चित्र काढताना तिच्या सगळ्या बाजू एकदम दिसत नाहीत, समाजाचंही तसंच. कितीतरी इंग्रज आणि अमेरिकन लोक हिंदुस्थानात येऊन गेले आणि आपल्या चालीरीतींबद्दल पुस्तकं लिहून मोकळे झाले. ती वाचली की कळतं, परक्याला आपण दिसतो ते आपल्याला दिसतो त्याहून फार वेगळे. म्हणून अमेरिकन समाज असा असा आहे, असा शेवटचा निकाल मी देणार नाही, मला तो कसा दिसला तेवढं सांगते.

काळ लक्षात घ्या. युरोप-अमेरिकेचे प्रवासी तेव्हा आठ दिवस जपान, पंधरा दिवस हिंदुस्थान असं बघून जाड पुस्तकं लिहीत होते. सगळे लोक कसे लाजरे, कसे आळशी, कसे हसतमुख. भाषा न येणं हा त्यांना अडसर वाटतच नव्हता, कारण त्यांना उत्तर ऐकायचंच नव्हतं. रमाबाईंना इंग्रजी येत होतं, त्या तिथे अडीच वर्षं राहिल्या होत्या, घराघरांत उतरल्या होत्या, त्यांना निकाल द्यायचा अधिकार त्या प्रवाश्यांपेक्षा पुष्कळ जास्त होता. त्यांनी तो वापरला नाही. सभ्यता म्हणजे गोड बोलणं, असं मानणाऱ्याने हे पुस्तक जरूर वाचावं. मीरा कोसंबी यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलंय, २००३ मध्ये आलेलं. मराठी वाचायचा कंटाळा येत असेल तर ते घ्या, पण मग मूळ मराठीची दोन पानं तरी शेजारी उघडी ठेवा.

आणि परतीच्या वाटेवर त्या कुठून गेल्या माहितीय? नोव्हेंबर १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून पश्चिमेला, जपानमार्गे. फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईत, आणि ११ मार्चला शारदा सदन सुरू. तारीख पाहिलीत? आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती.

आता तो मघाचा प्रश्न, जागा ठरवतं कोण.

आतापर्यंत ज्यांच्याबद्दल बोलले ते सगळे ब्राह्मण होते. मराठीतली आदराची रूपं त्यांना, निदान त्यांच्या जातीमुळे, जन्मतःच मिळालेली होती. बायका म्हणून त्यांना जे सोसावं लागलं ते वेगळं. पण मराठीतली तू-तुम्हीची शिडी ही जातीचीही शिडी होती. म्हाताऱ्या महार माणसाला गावातलं सवर्ण पोर अरे-तुरे करायचं, आणि त्या म्हाताऱ्याने त्या पोराला अहो-जाहो करायचं. व्याकरणाच्या पुस्तकात ‘आदरार्थी बहुवचन’ एवढंच लिहिलेलं असतं. ते कोणाला मिळत नव्हतं, हे लिहिलेलं नसतं.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आठवणींत डॉ. आंबेडकरांनी १९०१ चा एक प्रसंग सांगितलाय. साताऱ्याहून ते आणि घरची इतर मुलं वडिलांना भेटायला कोरेगावला निघाली होती. नवे कपडे, छान टोप्या. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आलं नाही. स्टेशनमास्तर आपणहून चौकशी करायला आला, चांगलं बोलला. मुलं नीटनेटकी होती, त्याला ती ब्राह्मणाची वाटली. मग त्याने जात विचारली. मुलांनी निरागसपणे सांगितली. आणि त्या माणसाचा चेहराच पालटला, तो मागे सरकला. एकही शब्द न समजणारा असा तिथे कोणी नव्हता. भाषा एक, राज्य एक, स्टेशन एक.

बारा वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, तोच मुलगा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला उतरला. कोलंबिया विद्यापीठात १९१६ पर्यंत राहिला. सुरुवातीला हार्टली हॉल, तिथलं जेवण रुचलं नाही म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना ह्या पारशी मित्राबरोबर. तिथे त्याला कोणीही काहीही विचारलं की ‘यू’. जेवणाच्या टेबलावर ‘यू’, वर्गात ‘यू’. ज्याला आपण इंग्रजीचं दारिद्र्य म्हणतो, आदर दाखवायला एक धड सर्वनाम नाही म्हणून हसतो, ते त्या तरुणाच्या कानाला कसं लागलं असेल? पुढे १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात त्यांनी म्हटलं की आयुष्यातले त्यांचे काही सर्वोत्तम मित्र म्हणजे तिथले वर्गमित्र आणि जॉन ड्यूई, सेलिगमन यांसारखे प्राध्यापक. हे वाक्य साधं वाटतं. १९१७ ला बडोद्यात परतल्यावर नोकरी असूनही त्यांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी हाकललं, हे शेजारी ठेवून वाचलं की साधं वाटत नाही.

म्हणून अमेरिका म्हणजे समतेचं माहेर, असं काही मी म्हणत नाही. कोलंबियापासून चालत जाण्याच्या अंतरावर हार्लेम होतं, आणि त्या देशाच्या दक्षिणेत काळ्या म्हाताऱ्याला गोरं पोर ‘बॉय’ म्हणत होतं. तिथे सर्वनाम एकच होतं, पण हाक मारायला दुसरे शब्द होते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. रमाबाईंनी सोळा वर्षांनी त्याच देशाचा वर्णद्वेष मराठी वाचकाला दाखवला. दोघंही एकाच देशाबद्दल खरं बोलत होते.

तर पुढच्या वेळी मराठीत ‘तू’ म्हणू की ‘तुम्ही’ अशी तुमची गाडी अडली, आणि समोरच्या काकांनी ‘काय रे, मराठी येत नाही का नीट?’ म्हणून टोकलं, तर हे आठवलं तरी चालेल: सरसकट सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हटलंत तर मराठी बिघडत नाही. वॉचमनला, स्वयंपाकाच्या ताईंना, भाजीवाल्याला. फार तर घरच्यांना हसू येईल.

कार्पेंटरबाईंचं राहिलं. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस क्षयाने खंगून परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठेवलेली होती, तिथे त्या रुजूच होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या रुरल सिमेटरीत, आपल्या घराण्याच्या जागेत ठेवली. मॅनहॅटनच्या ग्रँड सेंट्रलवरून पकिप्सीला थेट लोकल जाते, हडसनच्या काठाकाठाने, दोन तासांच्या आसपास लागतात. जाताना डाव्या हाताच्या खिडकीशी बसा.